विश्वास हेही एक कर्मच ठरत नाही का?

प्रश्न (एक वाचक, सोलापूर)

माझ्या आईने उभे आयुष्य विड्या वळून आम्हां भावंडांना वाढवले. आता अर्धांगवायूमुळे ती अंथरुणाला खिळली आहे. पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देतात, तरी ते गेल्यावर ती म्हणते, "मंडळीसाठी माझ्या हातून काही झाले नाही, आता तर प्रार्थनेतही मन लागत नाही, मग माझा विश्वास तरी कसला?" मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष) ठरतो, हे पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले वचन मी तिला वाचून दाखवते, पण त्याने धीर येण्याऐवजी तिची धास्तीच वाढते, कारण कर्मांच्या परीक्षेच्या जागी आता विश्वासाची परीक्षा आली, असे तिला वाटते. विश्वास ही तारणाची अट असेल, तर तेही एक कर्मच झाले नाही का? आणि मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो, असे म्हणणाऱ्या याकोबाच्या पत्राचे काय?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

ताई, ही धास्ती पुष्कळदा आपल्याच उपदेशांतून येते, असे माझे स्पष्ट मत आहे. "विश्वास वाढवा" असे आपण इतके सांगतो की ऐकणाऱ्याची नजर ख्रिस्तावरून निघून स्वतःच्या मनावर खिळते. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (हे प्रोटेस्टंट मंडळ्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक) ६१ वा प्रश्न नेमका हाच आहे, आणि तिथे स्वच्छ सांगितले आहे की माझ्या विश्वासाच्या योग्यतेमुळे मी देवाला पसंत पडतो असे नाही. ख्रिस्ताने जे केले तेच माझे नीतिमत्त्व आहे, आणि ते स्वीकारण्याचा मार्ग एवढेच विश्वासाचे काम आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप एकाच दमात "माझा विश्वास आहे" आणि "माझा अविश्वास घालवा" असे म्हणतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला, लोकांनी पापी मानलेला जकातदार तर मंदिरात दूर उभा राहतो, वर डोळेही उचलत नाही, ऊर बडवून फक्त दया मागतो. आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच, नियम काटेकोर पाळून आपले उपास आणि दशांश मोजून दाखवणारा परूशी नव्हे. मन लागत नाही म्हणून आईंना वाईट वाटते, हीच त्यांची प्रार्थना आहे, असे मी मानतो.

उत्तर २ (कॅथलिक वाचक, वसई)

आमच्या परंपरेत नीतिमान ठरणे म्हणजे पापक्षमा आणि अंतःकरणाचे नवीकरण ही दोन्ही एकत्र मानली जातात, आणि त्यामुळे प्रोटेस्टंट धर्मसुधारक लुथरच्या अनुयायांशी आमचा वाद दीर्घकाळ चालला. पण तुमच्या प्रश्नापुरते पाहिले तर १५४७ मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेनेही म्हटले आहे की नीतिमान ठरण्यापूर्वीचे काहीही, मग तो विश्वास असो वा कर्मे, ती कृपा कमावू शकत नाही. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यातही आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, असेच आहे. काही मतभेद उरले आहेत. मात्र विश्वास हे कृपेचे मोल नव्हे, याबद्दल दोन्हीकडे दुमत नाही.

उत्तर ३ (बायबल अभ्यासवर्गाचे चालक, सोलापूर)

याकोबाचा रोख कोणावर आहे, ते दुसऱ्या अध्यायातच दिसते: उघड्या-उपाशी भावाबहिणीला "ऊब घ्या, तृप्त व्हा" एवढे म्हणून वाटेला लावणाऱ्या धडधाकट माणसांवर. विड्या वळून लेकरे वाढवलेल्या, आता हातपाय न चालणाऱ्या बाईवर तो नाही. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण याकोब उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातल्या, अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला अर्पण करण्याच्या प्रसंगाकडे बोट दाखवतो, तर पौल त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायावर उभा आहे, जिथे अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तेव्हा सुंतेची आज्ञाही झालेली नव्हती. त्याच अध्यायात पुढे करार होतो, तेव्हा अब्राहाम गाढ झोपेत असतो आणि कापलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून देवाची खूण म्हणून धुमसणारी भट्टी व जळती मशाल तेवढी जाते. शब्द देवाचा आणि बांधीलकीही देवाचीच. म्हणून ताई, आईंना आधी पंधरावा अध्याय सबंध वाचून दाखवा. बाविसावा नंतर वाचला तरी चालेल.