रोज सकाळी आक्काला थंडी कळवतो, खान्देशातल्या जागा सुचवा

पहिली गाडी

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता घरीच असतो. थोरली बहीण, आमची आक्का, मुलाकडे पुण्याला राहते. गुडघ्यांमुळे तिचं गावी येणं बंद झालं. दिवाळी सरली की रोज सकाळी तिचा फोन यायचा, "हिव पडनं का रे भाऊ?" म्हणून यंदा कार्तिकी एकादशीपासून मीच तिला रोज व्हॉट्सॲपवर पाठवतो. ओसरीतल्या थर्मामीटरचा आकडा, एक फोटो आणि मनात आलेल्या चार ओळी. परवाचं असं होतं:

"आज १०.५. खळ्यावर कोणी नाही. पऱ्हाटीची शेकोटी विझली, तिच्या राखेत कुत्रं वेटोळं करून झोपलंय. माय अशा थंडीत पहिली भाकर तव्यावरून काढून आपल्या हातावर ठेवायची. खायला नाही, हात शेकायला."

हे तिने नातवाकडून तीनदा वाचून घेतलं.

आता फोटो सगळे आमच्या गल्लीचेच होताहेत. पहाटेच्या पहिल्या गाडीने सगळा खान्देश पालथा घातला, पण काचेवर वाफ आणि हातात तिकिटं. उतरून कुठे थांबलोच नाही. डिसेंबर-जानेवारीत उजाडताना कुठे जावं?

आणखी एक. पहाटे पाचला ११ असतात, सातला साडेनऊ. उजाडल्यावर थंडी वाढते कशी? आणि नाल्याकाठच्या शेतात घरापेक्षा एवढं गार का?

केळीवाला, रावेर

अण्णा, हे केळीवाल्याला विचारा. या दिवसांत आमची रात्र बागेतच जाते.

आभाळ मोकळं, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर ऊब सोडत राहते. सूर्य वर आला तरी सुरुवातीला किरणं तिरपी. येते त्यापेक्षा जास्त ऊब निघून जाते, म्हणून सगळ्यात कमी आकडा सूर्य उगवता उगवता किंवा थोडा नंतर दिसतो. आणि गार हवा जड असते. ती उताराने पाण्यासारखी खाली येते आणि नाल्यात साठते. माझी कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेली केळी, नाल्याला लागून आहे. वरच्या तुकड्यापेक्षा तिलाच आधी चरका बसतो. पानं पिवळी पडतात, पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, आखडतो, घड नीट निसवत नाही, बाहेर पडत नाही. पारा १० च्या खाली राहिला की केळीची वाढच थबकते.

म्हणून रात्री विहिरीचं पाणी सोडतो, ते हवेपेक्षा कोमट असतं. पहाटे चारला सरीत बॅटरी मारा. पाण्यावर वीतभर उंचीची वाफ पाण्याबरोबरच पुढे सरकताना दिसते. बांधावर ओला पालापाचोळा पेटवलेला असतो, त्याचा धूर वर न जाता केळीच्या पानांखाली आडवा पसरतो. हे बघायला कोणी येत नाही, पण मला विचाराल तर तापीकाठची खरी हिवाळी सकाळ हीच. आक्कांना याचा फोटो पाठवा.

थर्मामीटर मात्र ओसरीतून काढा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते, आकडा फसवा येतो. भिंतीपासून लांब, सावलीत, छातीएवढ्या उंचीवर टांगा.

शिक्षिका, शहादा

काका, तोरणमाळ चुकवू नका. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. सात पायरी घाट चढून आदल्या संध्याकाळी जा, मुक्काम करा, म्हणजे उजाडायच्या आधी यशवंत तलावावर पोचाल. धुकं असलं तर पाणी दिसतच नाही, नुसता पाणकोंबड्यांचा आवाज येतो. मग समोरच्या काठावरचं एकेक झाड उमटायला लागतं. सीताखाईला ऊन चढल्यावर जा, त्याआधी दरीचा तळ दिसत नाही.

आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. गेल्या खेपेला सकाळी साडेसहाला एक पांढरी घोडी अंगावर गोधडी घेऊन उभी होती. तिच्या नाकपुड्यांतून वाफेचे दोन झोत निघत होते आणि मालक तिच्याच मानेखाली हात घालून ऊब घेत होता. माझ्याकडे फोटो नाही, मी बघतच राहिले.

भुसावळहून

चांगदेव. तापी-पूर्णेचा संगम, हतनूर धरणाचं पाणी तिथवर फुगलेलं असतं. थंडीत उत्तरेकडून आलेले चक्रवाक दिसतात, विटकरी रंगाचे, बहुतेक जोडीनेच. त्यांचा आवाज लांबून येतो, तो रेकॉर्ड करून पाठवा. आक्कांना फोटोपेक्षा जास्त आवडेल.

पहिली गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. थर्मामीटर अंगणातल्या खांबाला टांगला, आकडा एकदम दीडने उतरला. एवढे दिवस आक्काला चुकीची थंडी कळवत होतो, तिला फोन करून तसं सांगितलं.

आज जवळचंच उनपदेव गाठलं. अडावदकडून किती वेळा गेलो असेन, आत कधी वळलो नव्हतो. हे पाठवलं:

"आज ८. उनपदेव, सातपुड्याच्या पायथ्याशी. बाहेर बोटं वाकत नाहीत आणि जमिनीतून पाणी येतंय ते गरम. आंघोळीला आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आधी दोन्ही तळवे पाण्यात धरले, मग ते गुडघ्यांवर दाबले. तीनदा, चारदा. मला तूच दिसलीस."

दहा मिनिटांत फोन आला. "तू पाय बुडवून बसलास, की नुसता फोटोच काढलास?"

बसलो होतो म्हटलं, चांगला अर्धा तास.

शुक्रवारी तोरणमाळला निघतोय.