‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आजही प्रेक्षकाला का धरून ठेवतो?

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी अमळनेरला महाविद्यालयात शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या चित्रपट मंडळाचे काम पाहते. येत्या सत्रात सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ दाखवावा, असे माझ्या मनात आहे. माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, चित्रपट कृष्णधवल आहे, त्याच्या ९६ मिनिटांपैकी जेमतेम तीन मिनिटे सोडली तर सारे काही एकाच खोलीत घडते, आणि ज्या ज्यूरी पद्धतीवर, म्हणजे निवडलेल्या सामान्य नागरिकांनी आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवण्याच्या पद्धतीवर, ही गोष्ट उभी आहे ती आपल्याकडून केव्हाच हद्दपार झालेली आहे. तेव्हा पारोळा-एरंडोलच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलामुलींना त्यात काय सापडणार?

हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. प्रदर्शित झाला तेव्हा या चित्रपटाला अमेरिकेतही फारसा गल्ला मिळाला नव्हता. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला ‘गोल्डन बेअर’ हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करची तीन नामांकनेही मिळाली, पण ऑस्कर एकही हाती आले नाही. तरीही तो टिकला. ‘शेवटी काय होईल’ ही उत्कंठा एवढेच त्याचे कारण असते, तर शेवट ठाऊक असताना मी तो पुन्हा पाहायला बसले नसते. मग आपल्याला धरून ठेवते ते नेमके काय? ज्यांनी हा चित्रपट मनापासून पाहिला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझराकाठ (धुळे) यांचे उत्तर

ताई, मी फौजदारी वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमून दिलेले खटलेही चालवतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

पुष्कळ जण या चित्रपटाकडे ‘एका निष्पाप मुलाला वाचवणाऱ्या माणसाची गोष्ट’ म्हणून पाहतात. मला हे वाचन अपुरे वाटते, कारण बापाच्या खुनाचा आरोप असलेला तो अठरा वर्षांचा मुलगा निर्दोष होता की नाही, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. हेन्री फोंडा यांनी साकारलेला आठवा ज्यूरर पहिल्या मतदानात एकटा वेगळा पडतो तेव्हाही, मुलगा निर्दोष आहे असा त्याचा दावा नसतो. एका मुलाला मृत्यूच्या दारात पाठवण्याआधी निदान बोलू तरी या, एवढेच त्याचे मागणे असते. वाजवी संशय, म्हणजे पुराव्याबद्दल रास्त शंका उरली तर आरोपीला दोषी ठरवायचे नाही, ही कल्पना मी कायद्याच्या पुस्तकात शिकलो खरा, पण ती अंगात कशी मुरते हे मला या चित्रपटाने दाखवले. आपल्याकडे शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे सांगितली, ती आम्ही युक्तिवादात नेहमी उद्धृत करतो. पुराव्यातून दोन शक्यता निघत असतील तर आरोपीला संशयाचा फायदा मिळाला पाहिजे, असेही त्या निकालात आहे, आणि ते वाचताना मला त्या खोलीतले लांबट टेबल आठवते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या बारा ज्यूररांनी केले काय? म्हातारा साक्षीदार लंगडत पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचू शकेल का, रुळांवरून आगगाडी धडधडत जात असताना त्याला वरच्या मजल्यावरची आरोळी ऐकू येईल का, समोरच्या खिडकीतल्या बाईने अंथरुणात असताना चष्मा लावला होता का, हे सारे प्रश्न साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतानाच बचावाच्या वकिलाने विचारायचे होते. त्याने ते विचारले नाहीत. आठवा ज्यूरर एकदा ही तक्रार उघडपणे बोलूनही दाखवतो. म्हणजे हा संपूर्ण चित्रपट न झालेल्या उलटतपासाचा आहे, आणि गरिबाच्या वाट्याला आलेल्या वकिलाने मन लावून काम केले नाही तर काय होऊ शकते, हे दाखवणारा याहून परखड चित्रपट मला माहीत नाही. माझ्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी तो पाहायला सांगतो.

ज्यूरीबद्दल विद्यार्थ्यांना आधी दोन गोष्टी सांगाव्यात. तिथे निकाल एकमतानेच द्यायचा असतो. बहुमत चालले असते तर अकरा विरुद्ध एक अशा पहिल्याच मोजणीला खटला संपला असता. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर मुंबईत चाललेल्या खुनाच्या खटल्यात, १९५९ साली, नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते न पटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्यूरी त्या एकाच खटल्याने बंद पडली असे सरसकट सांगितले जाते, ते बरोबर नाही. ती टप्प्याटप्प्याने मागे पडत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

एक दोषही नोंदवतो. आठवा ज्यूरर बाहेर जाऊन तसाच चाकू विकत आणतो आणि तो टेबलात रोवतो. प्रसंग विलक्षण आहे, पण ज्यूररने स्वतः बाहेरून पुरावा गोळा करणे नियमात बसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांना कायद्याकडे वळण्याची प्रेरणा याच चित्रपटातून मिळाली, आणि तरीही या वर्तनाबद्दल त्यांनी सावध केले आहे. चर्चेत हा मुद्दा जरूर आणावा.

मेहरूण (जळगाव) यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी आशय इतका नेमका मांडला आहे की मी बांधणीपुरतेच लिहितो. आम्ही हौशी रंगकर्मी आहोत आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी बंदिस्त खोलीतली नाटके बसवताना हा चित्रपट आम्ही पाठ्यपुस्तक म्हणून वापरला आहे.

रेजिनाल्ड रोझ यांनी ही गोष्ट आधी दूरचित्रवाणीसाठी लिहिली होती आणि १९५४ साली ती तिथे सादरही झाली. ते स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका खटल्यात ज्यूरर म्हणून बसले होते; लेखनाचे बीज तिथले. ल्युमेट यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांनी दोन आठवडे तालीम घेतली आणि सुमारे तीन आठवड्यांत चित्रीकरण संपवले. पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी प्रकाशयोजना एका बाजूची लावली की त्या बाजूची संहितेतली सगळी दृश्ये एकदम घेतली जात, त्यामुळे समोरासमोर चाललेल्या भांडणातले एकाचे वाक्य आज आणि दुसऱ्याचे उत्तर काही दिवसांनी, असे काम झाले. नटांनी तापमान कसे सांभाळले असेल, याचा विचार करून पाहावा. तालमीशिवाय हे शक्यच नव्हते.

आता खोलीबद्दल. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, मधल्या भागात तो डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि शेवटच्या भागात खाली जातो, त्यामुळे छत दिसू लागते. त्याच वेळी भिंगे अधिकाधिक लांब पल्ल्याची होत जातात, त्यामुळे माणसांच्या मागच्या भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटतात. प्रेक्षकाला यातले काहीही कळत नाही; आपला श्वास कोंडतो आहे, एवढेच जाणवते. छायाचित्रणकार बोरिस कॉफमन यांचे हे काम आहे, आणि ‘एकाच खोलीत घडतो’ असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की, ती खोली तासाभरात निम्मी होते.

आणि उकाडा! वर्षातला सर्वांत उकाड्याचा दिवस, पंखा बंद, खिडक्या जोर लावून उघडायच्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर वीज गेलेल्या खोलीत ज्याने कधी घरातली बैठक काढली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला माणूस न्यायनिवाडा करायला बसला की त्याला न्यायापेक्षा घर अधिक आठवते, आणि सातव्या ज्यूररच्या खिशात तर त्या संध्याकाळच्या बेसबॉलच्या सामन्याची तिकिटे आहेत. मते सहा-सहा झाल्यावर पाऊस येतो, दिवे लावले जातात आणि पंखा एकदम फिरू लागतो, कारण तो दिव्यांच्याच बटणावर जोडलेला असतो. नाटककाराने निसर्ग असा कामाला लावलेला मी क्वचित पाहिला आहे.

केळीबाग (रावेर) यांचे उत्तर

मी शेतकरी आहे. शासनाने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हापासून काही वर्षे मी गावच्या समितीत होतो. बांध कोरला, सामाईक विहिरीची पाळी चुकली, पाइपलाइन दुसऱ्याच्या शेतातून नेली, असे तंटे आमच्यापुढे यायचे. हा चित्रपट माझ्या मुलाने मला दाखवला, आणि मला त्यात दिसले ते असे.

माणूस आपल्या मतासाठी जितका भांडतो, त्याहून अधिक चारचौघांत बोलून गेलेल्या शब्दासाठी भांडतो. पहिल्या मतदानाचा प्रसंग नीट पाहावा. ‘दोषी’ म्हणून काही हात झटकन वर जातात आणि काही हात आजूबाजूला पाहून, सावकाश वर जातात. ते सावकाश गेलेले हातच पुढे आधी बदलतात. आठवा ज्यूरर हे ओळखतो आणि दुसऱ्या वेळी चिठ्ठ्या टाकायला लावतो. स्वतः मत देत नाही, आणि अकराही चिठ्ठ्या ‘दोषी’ निघाल्या तर मी तुमच्यासोबत येतो, असा शब्द देतो. म्हातारा नववा ज्यूरर त्या वेळी त्याच्या बाजूला येतो, तोही मुलगा निर्दोष वाटला म्हणून नव्हे, तर एकटा उभा राहिलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे म्हणून. गावाच्या बैठकीत पहिला पाठिंबा मिळतो तो असाच मिळतो, हे मी पाहिले आहे.

मला सर्वांत आवडतो तो अकरावा, युरोपातून आलेला घड्याळजी. सातवा ज्यूरर सामन्याच्या घाईपायी आपले मत बदलतो, तेव्हा ते मत घड्याळजीच्या बाजूचेच असते, तरी तो त्याला धारेवर धरतो: तुला पटले म्हणून बदललेस की कंटाळा आला म्हणून? आपल्या बाजूला आलेल्या माणसालाही असे विचारणारा पंच मिळणे फार दुर्मीळ. आमच्याकडे तर मोजणी जमली की सतरंजी गुंडाळायची घाई होते.

दहावा ज्यूरर वस्तीतल्या लोकांबद्दल विष ओकू लागतो, तेव्हा एकेक जण उठून त्याच्याकडे पाठ फिरवतो, तो प्रसंग माझ्या नातवंडांनाही मी दाखवीन. जातीपातीवरून कोणी बैठकीत तोंड सोडले तर खाली मान घालून ऐकत बसायचे नसते, हे तिथे एकाही भाषणावाचून सांगितले आहे. आणि तिसरा, मुलाशी वैर धरून बसलेला बाप, शेवटी फुटतो तेव्हा आठवा त्याला हिणवत नाही. त्याचा कोट आणून त्याच्या अंगावर चढवतो. हरलेल्या माणसाला घरी जायला वाट ठेवली नाही, तर तंटा मिटलाच नाही असे समजावे.

बोरीकाठ (अमळनेर)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आबा, आपले उत्तर मी सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. तंट्यांचे हे अंग माझ्या लक्षात आले नव्हते. आता एक व्यावहारिक अडचण. इंग्रजी संवाद वेगवान आहेत आणि प्रथम वर्षाच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ते झेपणार नाहीत. बासु चटर्जी यांचा १९८६ चा ‘एक रुका हुआ फैसला’ हा हिंदी चित्रपट याच गोष्टीवर आहे. तो दाखवावा का?

मेहरूण (जळगाव)

निःसंकोच दाखवावा. तिसऱ्या ज्यूररच्या जागी पंकज कपूर आणि म्हाताऱ्या नवव्या ज्यूररच्या जागी अन्नू कपूर ही दोन कामे मूळ चित्रपटाशेजारी ठेवण्याजोगी आहेत. माझे मत असे की आधी हिंदी दाखवावा आणि ज्यांना गोडी लागेल त्यांना नंतर मूळ चित्रपट; गोष्ट ठाऊक झाली की भिंगांकडे आणि भिंतींकडे लक्ष जाते.

पांझराकाठ (धुळे)

माझा थोडा विरोध आहे. १९८६ साली भारतात अशी ज्यूरी नव्हती, आणि हिंदी चित्रपट पाहून मुले आपल्या न्यायालयांबद्दल चुकीची समजूत घेऊन जातात, हा माझा अनुभव आहे. दाखवायचा तर आधी दहा मिनिटे हे स्पष्ट करावे. शक्य झाल्यास मूळ चित्रपटच उपशीर्षकांसह, मध्ये थांबत थांबत दाखवावा.

केळीबाग (रावेर)

ताई, कोणताही दाखवा, पण पहिल्या मतदानानंतर चित्रपट थांबवून मुलांना त्यांचे मत विचारा. हात वर करायला लावू नका, चिठ्ठ्या घ्या आणि त्या न उघडता जपून ठेवा. चित्रपट संपल्यावर प्रत्येकाला आपापली चिठ्ठी परत द्या आणि चर्चा तिथून सुरू करा.