संभाजीनगर: मध्यवर्ती की सिडको? वेरूळ, अजिंठा आणि पुढे नांदेड

रेणापूरकर
लातूरहून रविवारी संध्याकाळी एसटीनं संभाजीनगरला पोचतोय. वडील 76, आई 67. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी नांदेड असं ठरवलंय. मुक्काम सिडकोत. गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून धरायच्या की सिडको बसस्थानकातून? वडिलांच्या सवलतीला काय काय लागतं?

फलाट सात
आधी वार उलटे करा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तुम्ही नेमके तेच दोन वार धरलेत! सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा.

दोन्हीकडं जाताना मध्यवर्तीलाच या. वेरूळला कन्नड, चाळीसगाव, धुळ्याकडं जाणारी साधी गाडी चालते. दौलताबाद, खुलताबाद करत जाते, अंतर 30 किलोमीटरच्या आसपास. चढण्याआधी "लेणीवरून जाते का?" एवढं कंडक्टरला विचारा.

घाटाखालचा
अजिंठ्याला जळगावची गाडी. सिल्लोडमार्गे शंभरेक किलोमीटर, अडीच-तीन तास धरा. लोक चुकतात ते इथं: तिकीट "अजिंठा" असं मागतात आणि अजिंठा गावात उतरतात. गाव घाटाच्या वर, लेणी घाट उतरल्यावर. तिकीट फर्दापूर टी पॉइंटचं मागा, आणि घाट संपत आला की दाराशी या.

खासगी वाहन लेणीपर्यंत सोडत नाहीत. टी पॉइंटच्या दुकानांमधून पलीकडं गेलं की एसटीची गाडी मिळते, शेवटचे 4 किलोमीटर तिनंच. तिचं तिकीट वेगळं, सुट्टे जवळ असू द्या. वर पायऱ्या आहेत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, भाव बसायच्या आधी ठरवा. परतीला जळगावकडून येणाऱ्या गाडीला रस्त्यावर हात करावा लागतो आणि ती बहुतेक भरलेली असते. म्हणून चारनंतर लेणीत रेंगाळू नका.

रेणापूरकर
बरं झालं विचारलं. सवलतीचं?

फलाट सात
75 च्या पुढं तिकीट माफ, शिवशाहीतसुद्धा. पण आरक्षण केलं तर आरक्षण आकार भरावाच लागतो. वयाचा पुरावा म्हणून मूळ आधार कार्ड खिशात ठेवा, झेरॉक्सवर वाद होतो. आईंना अर्धं तिकीट. ज्येष्ठांची सवलत आणि महिलांची सवलत एकावर एक मिळत नाही, दोन्हींतली एकच.

जिंतूर फाटा
नांदेडची गाडी जालना रोडनं जाते, त्यामुळं सिडकोतून चढता येईल. पण ती मध्यवर्तीहून भरून येते. आरक्षण नसेल तर म्हाताऱ्या माणसांना उभं राहायची वेळ येईल. रिक्षानं मध्यवर्तीला जाऊन बसलेलं बरं. आरक्षण करणार असाल तर "चढण्याचं ठिकाण" सिडको निवडा. तिथं मध्यवर्ती राहिलं आणि तुम्ही सिडकोत उभे, तर कंडक्टर प्रवासी आला नाही समजून सीट दुसऱ्याला देतो, आणि मग भांडून उपयोग नसतो.

पाटीवर "नांदेड"च्या खाली बारीक अक्षरात "मार्गे" असतं, ते वाचा. जालना, मंठा, जिंतूरवरून औंढा-वसमत करत जाणारी गाडी वेगळी आणि परभणीवरून जाणारी वेगळी.

घाटाखालचा
सहा तास बसणं आईंना झेपणार नसेल तर सचखंड किंवा तपोवन एक्स्प्रेस या रेल्वेगाड्या बघा. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, वडिलांचंही पूर्ण तिकीट लागेल; पण पाय लांब करता येतात आणि डब्यात संडास असतो.

रेणापूरकर
तपोवनचं बघतो. वेरूळ सोमवारी पक्कं.