मदत हवी आहे: डॅट-१ म्युटंटमध्ये (हे जनुक बिघडलेल्या किड्यात) डोपामिन हे चेतारसायन वाढतं की घटतं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी प्राणिशास्त्र करतेय, सेमिनारला सी. एलेगन्स हा सूत्रकृमी घेतलाय. जेमतेम एक मिलिमीटरचा किडा, उभयलिंगी किड्यात ३०२ चेतापेशी, त्यातल्या डोपामिनच्या फक्त ८. वाटलं, सोपं जाईल.

कॅट-२ हा म्युटंट कळला. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज एन्झाइमच बिघडलेलं, म्हणून डोपामिन फार कमी बनतं. साधा किडा जिवाणूंच्या थरावर आला की वेग कमी करतो, हा तसाच पळत राहतो. टीपीएच-१ या म्युटंटमध्ये हीच गत सेरोटोनिन या दुसऱ्या चेतारसायनाची: घशाची धडधड मंदावते, अंडी पोटात साचतात.

घोडं पेंड खातंय ते डॅट-१ पाशी. बाहेर सोडलेलं डोपामिन परत पेशीत ओढणारं प्रथिनच यात नाही. हे किडे पाण्यात पोहता पोहता लुळे पडतात, आणि कारण जादा डोपामिन असं वाचलं. पण परत काही येतच नसेल तर पेशीतला साठा आटायला नको? कॅट-१ चंही तसंच: डोपामिन बनतं, पण वेसिकलमध्ये (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) भरलं जात नाही. सेमिनारच्या तक्त्यात डोपामिनचा बाण वर काढू की खाली? स्वतः किडे वाढवून बघावं तर त्यांना २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे.

---

ताई, एका रकान्यात हे बसणारच नाही. दोन करा: अख्ख्या किड्यात किती, आणि सायनॅप्सपाशी (चेतापेशींच्या जोडावर) किती. किडे वाटून एचपीएलसीवर (रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) घातले तर पहिलंच कळतं. लुळं पडणं दुसऱ्याबद्दल सांगतं. पुरावा हवा तर डबल म्युटंट बघा: डॅट-१ सोबत कॅट-२ ही बिघडवलं तर लुळं पडणं थांबतं. डीओपी-३ हा रिसेप्टर (डोपामिनचा संदेश झेलणारं प्रथिन) काढला तरी थांबतं. म्हणजे बाहेर साचलेलं डोपामिन त्याच रिसेप्टरवर काम करत होतं. डॅट-१ ला दुसऱ्या रकान्यात बाण वर, कॅट-१ ला खाली. पहिल्या रकान्यात मोजलेला आकडा मिळाल्याशिवाय बाण काढू नका.

परीक्षक हमखास विचारतील, ‘डोपामिन कमी की रिसेप्टर खराब?’ तयारी ठेवा. कॅट-२ च्या किड्यांना बाहेरून डोपामिन दिलं की वेग पुन्हा कमी होतो, म्हणजे रिसेप्टर शाबूत.

---

धन्यवाद दादा! अ‍ॅसिटिलकोलिन या चेतारसायनालाही अशी चाचणी आहे का?

---

आहे. अल्डिकार्ब हे कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिनचं विघटन रोखतं, म्हणजे ते साचून किडा आखडतो; लेव्हामिसोल थेट रिसेप्टरवर बसतं. शेळ्यांना जंतासाठी पाजतात तेच हे लेव्हामिसोल. अल्डिकार्बला दाद देत नाही पण लेव्हामिसोलनं आखडतो, अशा किड्यात बिघाड बहुधा सोडणाऱ्या पेशीत असतो. यूएनसी-१७ हा म्युटंट घ्या उदाहरणाला.