ओझरहून काशीला चार्टर विमान: दलालामार्फत घ्यावं का?

बागाईतदार_निफाड
राम राम मंडळी. विषय आमच्या ऐपतीबाहेरचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे टोमणे कमी बसतील. आई 84 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, आणि काशी करायची म्हणून हट्ट. यंदा द्राक्षाचे पैसे वेळेवर आले (हेही एकदाच घडतं), म्हणून आम्ही चौघा भावांनी वर्गणी काढली. सात माणसं, नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून सकाळी निघायचं, दर्शन करून संध्याकाळी परत.

एका चार्टर दलालाने (अख्खं विमान भाड्याने मिळवून देणारा) व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलंय. किंग एअर बी 200 हे पंख्याचं छोटं विमान, तासाला दीड लाख, जाऊन-येऊन 4 तास 40 मिनिटं, म्हणजे 7 लाख. खाली बारीक अक्षरात "इतर खर्च प्रत्यक्षाप्रमाणे". निम्मे पैसे आजच पाहिजेत म्हणतो, तेही त्याच्या स्वतःच्या खात्यावर. वर सगळ्यांची वजनं मागितली. आमच्या घरच्या मंडळींनी वजन सांगायला साफ नकार दिलाय.

व्यापारी माल उचलून पसार झालेला मी बांधावर उभं राहून बघितलाय, म्हणून विचारतो. दलाल नको म्हणून थेट विमानवाल्याकडे जावं का?

सिडकोवाला
मुंबईहून वाराणसीला थेट विमानं आहेत की दादा. सात तिकिटं काढा, उरलेल्यात ट्रॅक्टर घ्या.

बागाईतदार_निफाड
कसारा घाट, मग ठाण्याची गर्दी, मग विमानतळावर दोन तास. आई गाडीत तासाभराच्या वर बसत नाही. ट्रॅक्टर आहे.

रॅम्पवरचा_काका
चार्टर कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये माझी बावीस वर्षं गेली, आता गंगापूर रोडला निवांत असतो. जरा सविस्तर लिहितो.

दलाल वाईट नसतो. या धंद्यात बऱ्याच कंपन्यांकडे दोन-तीनच विमानं असतात. कुठलं कुठे उभं आहे आणि कुठलं रिकामं परत जाणार आहे, हे दलालाला ठाऊक असतं. शिर्डीला कुणाला सोडून एखादं विमान मोकळं होत असेल, तर तुमचा पैसा वाचेल, आणि ते तुम्हाला घरबसल्या कळणार नाही. पण विमान त्याचं नसतं, हे विसरू नका. तुम्हाला उडवून नेणार ती ऑपरेटर कंपनी. म्हणून पहिला प्रश्न एकच: विमानाचा नोंदणी नंबर काय आणि ऑपरेटर कोण? व्हीटी-पासून सुरू होणारा नंबर मिळाला की ऑपरेटरकडे डीजीसीएचं (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नॉन-शेड्यूल्ड परमिट, म्हणजे विमान भाड्याने चालवायचा परवाना, आहे का आणि त्यावर हेच विमान आहे का, ते बघा. परमिटधारकांची यादी डीजीसीएच्या साइटवर असते.

हे का? पांढऱ्या पाटीची इनोव्हा भाड्याने फिरते ना, तसलाच प्रकार वरही चालतो. एखाद्या उद्योगपतीचं खासगी नोंदणीचं विमान, मधे कुणीतरी पैसे घेऊन देतो. ते बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. विमानाला पांढरी-पिवळी पाटी नसते. व्हीटी दोघांवरही असतं, फरक फक्त कागदात.

आता तुमचा हिशेब. विमान मुंबईहून येणार असेल तर मुंबई-ओझर आणि संध्याकाळी ओझर-मुंबई हे रिकामं उड्डाणही तुमच्याच डोक्यावर. दोन्ही मिळून सव्वा तासाच्या आत-बाहेर. 1 तास 10 मिनिटं धरा, 1 लाख 75 हजार. झाले 8 लाख 75 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी, 1 लाख 57 हजार 500. म्हणजे 10 लाख 32 हजार 500, आणि लँडिंग, पार्किंग, हँडलिंग (विमानतळावर जमिनीवरची सेवा) वेगळंच. "प्रत्यक्षाप्रमाणे" या शब्दात तुमचे सव्वातीन लाख लपलेत. एकरकमी लेखी आकडा घ्या, आणि पैसे जीएसटी बिल देणाऱ्या कंपनीच्या खात्यावरच टाका.

वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. वाराणसीचं बाबतपूर विमानतळ ते विश्वनाथ मंदिर पंचवीसेक किलोमीटर, वर तिथली गर्दी. दर्शनाला उशीर झाला तर पायलट "आता उद्या" म्हणेल आणि तो बरोबर असेल. मुक्कामाचा खर्च कुणाचा, हे आजच विचारा. ओझर विमानतळ एचएएल या सरकारी विमान कंपनीचं आहे, तिथली परवानगी आणि वेळ ऑपरेटरने आधी पक्की केली का, तेही.

वजनं खरी द्या. छोट्या विमानात त्यावरच इंधन आणि सामान ठरतं.

पंचवटीकर_सून
आम्ही सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला असंच विमान केलं होतं. आदल्या रात्री फोन, "विमान बिघडलंय, दुसरं पाठवतो." दुसरं आलं ते लहान, दोन माणसं घरीच राहिली, आणि पैसे परत मागितले तर दलाल ऑपरेटरकडे बोट दाखवतो आणि ऑपरेटर दलालाकडे. बदली विमान त्याच क्षमतेचं हवं, नाहीतर पूर्ण रक्कम परत, हे लिहून घ्या. आणि काका, किंग एअरमध्ये सरळ उभं राहता येत नाही ना? गुडघ्यांचं काय?

रॅम्पवरचा_काका
बरोबर बोललात ताई. आत उंची पावणेपाच फूट, दारातल्या पायऱ्या अरुंद. आईंना धरून चढवायला आतून एक आणि खालून एक माणूस लागेल, हँडलिंगवाल्यांना आधी सांगून ठेवा. दाराजवळची खुर्ची त्यांना.

बागाईतदार_निफाड
काल नंबर मागितला. "ॲडव्हान्स आला की देतो" म्हणाला. मी म्हटलं, गाडी न बघता आम्ही कांदाही भरत नाही. फोन ठेवला त्याने.

आज दुसऱ्या दलालाने विमानाचा नंबर, परमिटची प्रत आणि 10 लाख 80 हजारांचा एकरकमी कागद पाठवला. नंबर यादीत सापडला. धाकट्याचं तोंड जरा उतरलंय, पण भरतोय. मंडळींनी वजन चिठ्ठीवर लिहून, घडी घालून दिलं. काका, येताना गंगाजलाचे पाच लिटरचे चार कॅन चालतील का?

रॅम्पवरचा_काका
वीस किलो झाले ते. चिठ्ठीवरच्या वजनांबरोबर तेही कळवा, ऑपरेटर हो-नाही सांगेल. झाकणं मात्र घट्ट लावा.