मेल येतो पण जात नाही: थंडरबर्ड सेटिंगसाठी मदत हवी आहे

हळदपेढी, सांगली
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या पेढीचा स्वतःच्या डोमेनचा मेल आहे. आजवर ब्राउझरमध्ये वेबमेल उघडायचो, आता ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर घातलंय. मेल येतात, पण पाठवताना '५५० रिलेइंग डिनाइड' येतं. शिवाय पीसीवर उतरलेले मेल फोनवरून गायब होतायत. इनकमिंग (मेल घेणं) पीओपी, पोर्ट ९९५. आउटगोइंग (मेल पाठवणं) पोर्ट २५, ऑथेंटिकेशन 'नो'. फोनवर आयमॅप आहे. हळदीची बिलं मेलनेच जातात, लवकर सांगा.

कृष्णाकाठ
दोन वेगळी दुखणी आहेत.

पाठवण्याचं आधी. मेल घेताना दिलेला पासवर्ड पाठवताना चालून जात नाही, एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवण्याची यंत्रणा, तोच पासवर्ड पुन्हा मागते. तुम्ही 'नो' ठेवल्यामुळे सर्व्हरला तुम्ही परके वाटता, आणि परक्याचा मेल तो बाहेर नेत नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे अगदी खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे, तिथे एडिट करा: पोर्ट ५८७, सिक्युरिटी स्टार्टटीएलएस, ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड', युजरनेममध्ये ॲट-सकट पूर्ण पत्ता. पोर्ट २५ सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी असतो, बरेच इंटरनेटवाले तो बंदच ठेवतात. ४६५ वापरलात तर सिक्युरिटी 'एसएसएल/टीएलएस' हवी. ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं की दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात आणि शेवटी टाइमआउट येतो.

आता गायब मेल. पीओपी मेल उतरवून घेतो आणि 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण नसेल तर सर्व्हरवरून पुसतो. ती खूण आत्ताच करा, खालची दिवसांची मर्यादा काढा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि पीसी-फोन दोन्हीकडे दिसतात, म्हणून मग तोच पत्ता आयमॅप, पोर्ट ९९३ ने नवीन खातं म्हणून जोडा. थंडरबर्डमध्ये पीओपी खात्याचं आयमॅप करता येत नाही. जुनं खातं लगेच काढू नका, फोनवरून गेलेले मेल आता फक्त त्यातच आहेत. ते निवडून नव्या खात्याच्या फोल्डरात 'कॉपी' करा, 'मूव्ह' नको. त्याआधी वेबमेलमध्ये कोटा (सर्व्हरवरची जागा) किती उरलाय ते बघा, मध्येच भरला तर कॉपी अर्धवट राहते.

हळदपेढी, सांगली
५८७ ने मेल गेला! आभारी आहे. पण आता आयमॅपला सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही म्हणतंय. 'कन्फर्म' करू का?

कृष्णाकाठ
नको. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र; 'व्ह्यू' दाबून ते कुणाच्या नावाचं आहे ते वाचा. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची डोमेन) बहुधा होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव निघतं. होस्टिंगवाल्याने खातं देताना पाठवलेल्या माहितीत तेच नाव असेल, तर इनकमिंग आणि आउटगोइंग दोन्हीकडे सर्व्हर म्हणून ते घाला. भलतंच नाव दिसलं तर पासवर्ड टाकू नका, आधी त्यांना फोन करा.