निर्दोष सुटल्यानंतरची भरपाई : कागद, मुदती, आकडे (अनुभव धागा)

गोदाकाठ
२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या १२ जणांना निर्दोष ठरवलं. ती बातमी वाचल्यापासून एक जुना निकाल डोक्यातून जात नाहीये. ५ मार्च २०१९, सर्वोच्च न्यायालय. जालना जिल्ह्यातला २००३ चा गुन्हा, भटक्या जमातीतले सहा जण. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली आणि दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून दुसरेच चौघे ओळखले होते, ते पुढे आलंच नव्हतं. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख द्यावेत असा आदेश झाला. १६ वर्षं धरली तर दिवसाला साधारण ८५ रुपये.

इथे कोर्टात, विधी सेवेत, तुरुंगात काम केलेले बरेच जण आहेत. भरपाई मागताना काय लागतं, कुठे अडतं, ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मृदुला
मुदतीपासून सुरुवात करते, कारण बहुतेक जण तिथेच हरतात. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७४: द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटल्यापासून एक वर्षात. अनुच्छेद ७३: बेकायदा कैदेबद्दलचा दावा कैद संपल्यापासून एक वर्षात. सुटून आलेला माणूस पहिले सहा महिने घर, औषधं, रेशन कार्ड यातच असतो. वकिलाकडे पोचतो तेव्हा चौदावा महिना चालू असतो.

सरकारवर दावा करायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आणि दोन महिने थांबणं. नोटीस सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना. तिच्यात दाव्याचं कारण, नाव-पत्ता आणि नेमकं काय मागताय हे हवंच. नुसतं 'योग्य ती भरपाई द्यावी' लिहिलेल्या नोटिशीवर सरकारी वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतात. हे दोन महिने मुदतीतून वजा होतात (मुदत कायदा कलम १५), पण त्या भरवशावर बसू नका.

कोर्टनाका
मृदुलाताई, यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ घाला. पोलीस अधिकाऱ्याला व्यक्तिशः प्रतिवादी केलं की बचाव तिथूनच सुरू होतो: कर्तव्याच्या आवरणाखाली केलेलं कृत्य, दावा सहा महिन्यांत हवा होता. खोटा पुरावा तयार करणं हे कर्तव्य नव्हेच असं उत्तर देता येतं, पण ते दाव्यातच तपशिलाने मांडलेलं असावं लागतं. नंतर सुचून उपयोग नाही.

मृदुला
बरोबर, ते राहिलंच. कुकर लावलाय, रिट याचिकेचं (मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) रात्री लिहिते.

वाटसरू
बारा जणांच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली ना? मग भरपाई कशी मागणार?

कोर्टनाका
२४ जुलैचा आदेश एवढाच आहे की तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही. अपील मात्र चालू आहे. आणि अपील चालू असलं तरी वर्षाच्या आत दावा दाखल करून ठेवणं हेच शहाणपणाचं. अपिलाच्या निकालापर्यंत थांबवा असा अर्ज मग त्याच दाव्यात देता येतो. दावाच नसेल तर थांबवणार काय?

शमा
एक प्रश्न. तक्रारदारानेच खोटी केस केली असेल तर?

प्रदीप सा.
दोन छोटी कलमं आहेत. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) ३५८, आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३९९: पुरेसं कारण नसताना पोलिसांकरवी अटक करवली तर अटक करवणाऱ्याकडून भरपाई. कमाल मर्यादा १,००० रुपये. २०२३ मध्ये नवा कायदा आला तरी आकडा तोच ठेवलाय, याचं फार वाईट वाटतं.

दुसरं जुनं २५०, आता २७३: आरोपाला वाजवी कारणच नव्हतं असं दंडाधिकाऱ्याला दिसलं तर तक्रारदाराला नोटीस काढून भरपाई द्यायला लावता येते. इथे दोन अडचणी. एक, नोटीस निर्दोष सोडण्याच्या आदेशातच निघावी लागते, म्हणून अंतिम युक्तिवादातच मागणी नोंदवा, निकालानंतर आठवून काही होत नाही. दोन, सत्र न्यायालयात चाललेल्या खटल्याला हे कलम लागत नाही. म्हणजे खून-दरोड्याच्या केसमध्ये १०-१५ वर्षं आत राहिलेल्यांना याचा काडीचा उपयोग नाही.

गोदाकाठ
धन्यवाद साहेब. म्हणजे मोठ्या केसमध्ये उच्च न्यायालय हाच रस्ता.

मृदुला
हो, तेच लिहायला परत आले.

रिटचा पाया रुदुल शाह, १९८३. बिहारमध्ये ३ जून १९६८ ला निर्दोष सुटलेला माणूस १६ ऑक्टोबर १९८२ ला मुजफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर आला. वेडा होता म्हणून ठेवला असं सरकारने सांगितलं, त्याला आधार देणारा कागद नव्हता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने आधी दिलेले ५,००० धरून ३५,००० रुपये द्यायला लावले, आणि जादा रकमेसाठी दिवाणी दावा करायची वाट मोकळी ठेवली. १७२ महिन्यांना भागा, महिन्याला दोनशे रुपये होतात. तरी त्या निकालाचं मोल मोठं आहे: मूलभूत हक्काच्या भंगासाठी रिटमध्येच पैसे मिळू शकतात हे तिथे ठरलं. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात (कोठडीतला मृत्यू, दीड लाख) 'सार्वभौम सरकारवर दावा चालत नाही' हा बचाव अशा रिटमध्ये चालणार नाही हे पक्कं झालं.

आता याचिका कुठे पडते ते. 'अशील निर्दोष सुटला, सबब भरपाई द्यावी' एवढंच लिहिलं की पडते. निर्दोष मुक्तता म्हणजे आपोआप सरकारची चूक असं न्यायालय मानत नाही, आणि 'संशयाचा फायदा' हे शब्द निकालात असले की सरकारी वकील तेवढेच वाचून दाखवतात. म्हणून निकालपत्र घेऊन बसायचं आणि तपासाबद्दल न्यायाधीशांनी काय नोंदवलंय ते परिच्छेद क्रमांकासह वेगळं काढायचं: ओळख परेड उशिरा झाली, पंच दुसऱ्याही केसमध्ये तेच आहेत, स्टेशन डायरीतली वेळ आणि अटक पंचनाम्यातली वेळ जुळत नाही, साक्षीदाराचा पहिला जबाब दडवला. जालन्याच्या केसमध्ये पाच लाख मिळाले ते फोटो अल्बमसारख्या गोष्टी निकालात नोंदल्या गेल्या म्हणून. वस्तुस्थितीवर वाद दिसला की उच्च न्यायालय 'दिवाणी न्यायालयात जा' म्हणतं, आणि तोवर वर्ष उलटलेलं असतं. म्हणून रिट केली तरी नोटीस देऊन दाव्याची मुदत सांभाळायची.

अपर्णा_सातारा
साताऱ्याच्या लोकांना आता मुंबईला जायला नको ना?

कोर्टनाका
नको. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग.

अपर्णा_सातारा
बरं झालं. एसटीने रात्रभर जाऊन तारीख पडली की परत यायचं, फार हाल होते लोकांचे.

इनामदार_वाडा
धाग्याचा विषय निर्दोष सुटलेल्यांचा आहे, पण जामीन किंवा शिक्षा संपूनही आत राहिलेल्यांचंही इथेच लिहितो. तिथे भरपाई तुलनेने लवकर मिळते, कारण वाद तारखांचा असतो आणि तारखा कागदावर असतात.

गाझियाबाद, २०२५: जामीन २९ एप्रिलला, सुटका २४ जूनला. आदेशात कलम होतं, उपकलमाचा उल्लेख नव्हता, म्हणून सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला ५ लाख द्यायला लावले. गुजरात, २०२३: जामिनाचा आदेश ईमेलने आला होता, तुरुंगात अटॅचमेंट उघडलीच नाही, जवळजवळ तीन वर्षं माणूस आत. १ लाख. छत्तीसगड, २०२२: सात वर्षांची शिक्षा संपल्यावरही आत, साडेसात लाख. मध्य प्रदेश, २०२५: साडेचार वर्षांहून जास्त जादा कैद, २५ लाख.

रकमा शेजारी ठेवून बघा. काही सूत्र सापडत नाही.

शमा
अटॅचमेंट उघडली नाही म्हणून तीन वर्षं?? वाचून पोटात कालवलं

इनामदार_वाडा
म्हणून जामीन झाला की आदेशातल्या चार गोष्टी त्याच दिवशी ताडून बघायच्या: नाव (वडिलांच्या नावासकट), गुन्हा रजिस्टर क्रमांक, सगळी कलमं-उपकलमं, तुरुंगाचं नाव. एक अक्षर चुकलं तरी दुरुस्तीसाठी लगेच अर्ज. आणि दुसऱ्या केसमध्ये प्रोडक्शन वॉरंट (कैद्याला तिथे हजर करायचा आदेश) आहे का ते जेलच्या न्यायालयीन विभागात विचारायचं. नाहीतर जामीनदार गेटवर उभा आणि माणूस आतच.

सुहास_म्युनिक
इकडे जर्मनीत आकडा कायद्यातच आहे. चुकीच्या कैदेसाठी दिवसाला ७५ युरो (२०२० पूर्वी २५ होते). हे मानसिक त्रासाचे, बुडालेली कमाई वेगळी सिद्ध करायची. जपानमध्ये दिवसाला कमाल १२,५०० येन. इवाओ हाकामादा ४७ वर्षांहून जास्त आत होते, २०२४ मध्ये निर्दोष ठरले, २०२५ मध्ये त्याच कमाल दराने सुमारे २१ कोटी ७३ लाख येन मिळाले. इंग्लंडमध्ये तर भरपाईतून 'तुरुंगात वाचलेला राहण्या-जेवणाचा खर्च' कापायचे, २०२३ मध्ये बंद केलं. दर थोडा असो की जास्त, तो लिहिलेला असला की माणसाला हात पसरावे लागत नाहीत.

गोदाकाठ
जेवणाचे पैसे कापायचे! काय बोलायचं.

प्रदीप सा.
सुहासराव, आपल्याकडे हे लिहून झालंय. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशानंतर विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालयं, पैशांबरोबर समुपदेशन आणि रोजगारासाठी मदत, सगळं त्यात आहे. बीएनएसएस आणताना ते घेतलं नाही. १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारतानाच भारताने बेकायदा अटकेच्या भरपाईच्या कलमावर राखीव भूमिका घेतली होती. ती आता संदर्भहीन झाली असं डी. के. बसू निकालात (कोठडीतल्या छळाबद्दलचा) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, तरी संसदेचा कायदा अजून नाही. तो व्हायलाच हवा.

रेवती_ना
इस्रोच्या खोट्या हेरगिरी प्रकरणातले नंबी नारायणन यांना किती मिळाले होते?

मृदुला
सर्वोच्च न्यायालयाकडून ५० लाख (१४ सप्टेंबर २०१८), आणि त्यांच्या दिवाणी दाव्यात तडजोड होऊन केरळ सरकारने २०२० मध्ये १ कोटी ३० लाख दिले. रिट आणि दावा दोन्ही रस्ते चालू ठेवण्याचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण. कोठडी ५० दिवसांची, लढाई पाव शतकाची. आणि ते नामवंत शास्त्रज्ञ. वीटभट्टीवरच्या माणसामागे कोण उभं राहणार?

जनाबाई_न्या
त्यासाठीच लिहिते. तुरुंगात असताना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. सुटल्यावरही महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही, बाकी बहुतेकांना उत्पन्नाचा दाखला लागतो. हेल्पलाइन १५१००. भरपाईच्या दाव्याला मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी लागते, ती झेपत नसेल तर दिवाणी संहितेच्या ऑर्डर ३३ खाली निर्धन म्हणून परवानगी मागायची. अर्जासोबत मालमत्तेची यादी पूर्ण द्या. भांडी आणि शेळी लपवली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

राज्य मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज करता येतो, फी नाही. पण घटनेला वर्ष उलटलं की मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ खाली ते चौकशी करत नाहीत, आणि पैसे देण्याची ते शिफारस करतात. दुसरीकडे दाद मागितली असेल तर लपवू नका.

रक्कम कशी मांडायची: मजुराकडे पगारपत्रक नसतं. त्या त्या वर्षाची किमान वेतनाची अधिसूचना लावायची आणि वर्षनिहाय तक्ता करायचा. मग वकिलाच्या फीच्या पावत्या, मुलाखतीला जायचा प्रवास (मुलाखत रजिस्टरवरून फेऱ्या मोजता येतात), विकलेल्या जमिनीचा सात-बारा आणि फेरफार, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, जेल हॉस्पिटलचे केसपेपर. प्रत्येक मागणीमागे एक कागद. व्याज वेगळं मागायचं, न मागितलं तर सहसा मिळत नाही.

शमा
चारित्र्य पडताळणीत अजून केस दिसते असं एकांनी विचारलंय, म्हणजे निर्दोष सुटूनही. काय करायचं?

कोर्टनाका
निकालाची प्रमाणित नक्कल जोडून पोलीस ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात अर्ज, ऑनलाइन नोंद अद्ययावत करा म्हणून. पोच घ्या. बोटांचे ठसे, मोजमापं यासाठी २०२२ चा ओळख कायदा बघा: आधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलासकट सगळं संपून निर्दोष ठरला असेल तर नोंदी नष्ट करायची तरतूद आहे.

शमा
🙏 सांगते त्यांना

वाटसरू
नक्कल ऑनलाइन डाउनलोड केलेली चालते का?

जनाबाई_न्या
वाचायला चालते, दाखल करायला प्रमाणित हवी. नक्कल विभागात अर्ज टाकताना एकदमच सगळं मागा: निकालपत्र, रोजनामा, दोषारोपपत्र, सगळे रिमांड अर्ज, जामीन नाकारल्याचे आदेश. रोजनामा लोक विसरतात. कुठली तारीख सरकारी साक्षीदार गैरहजर म्हणून गेली आणि कुठली आरोपीला जेलमधून आणलंच नाही म्हणून, ते त्यातच दिसतं. उशीर कुणामुळे झाला याचा तोच पुरावा. आणि लवकर मागा, जुनं रेकॉर्ड ठरावीक काळानंतर नष्ट करतात.

वाटसरू
आणि किती दिवस आत होता याचा दाखला?

जनाबाई_न्या
तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज. नाही दिला तर माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नाशिक रोडवरून हर्सूलला, तिथून येरवड्याला अशा बदल्या झाल्या असतील तर प्रत्येक तुरुंगाचा वेगळा दाखला घ्या आणि तारखा जोडून बघा. मधे एखादा आठवडा गायब दिसला तर बहुधा ती पोलीस कोठडी किंवा हॉस्पिटल असतं, तेही दिवस धरायचे.